यादीचा मालक

ओग्न्यान करादालिएव सरकारी कचेरीच्या पायऱ्यांपाशी पोचला तेव्हा सात वाजायला वीस मिनिटं कमी होती, आणि त्याच्या आधी बावीस माणसं तिथे येऊन उभी होती. कचेरी उघडायची साडेआठला. म्हणजे ही बावीस माणसं झोपतात कधी, असा प्रश्न त्याला पडला आणि त्यावर एक लेखही लगेच सुचला. त्याचं असंच होतं. त्याला प्रश्न पडायचा अवकाश, उत्तराच्या आधी लेख तयार.

रुसे शहरात ओग्न्यानला दोन प्रकारचे लोक ओळखत. एक, ज्यांच्या दुकानाबाहेरचं कॉफीचं यंत्र बिघडलं की तो दुरुस्त करायला येई. दुसरे, जे फोनवर त्याचं ‘बिनसाखर’ हे पान वाचत. पहिले लोक त्याला मान देत.

‘बिनसाखर’वर तो अकरा वर्षांपासून तंत्रज्ञान, धंदा, सरकार आणि समाज या चार विषयांवर लिही. पाचवा विषय त्याला माहीत नव्हता, पण तशी वेळ आली असती तर त्यावरही लिहिलं असतं. शाळा टेलिफोन दुरुस्तीची. बाकी सगळं स्वतःचं स्वतः शिकलेला. त्यामुळे कुठे बोलायचं हे तो शिकला, आणि कुठे थांबायचं हे शिकवणारा कोणी भेटलाच नाही. चार हजार तीनशे लोक त्याचं पान वाचत. त्यातले निम्मे त्याला शिव्या द्यायला येत, पण येत.

आता त्याचं कचेरीतलं काम. त्याच्या ओळखपत्राची मुदत वसंतातच संपली होती. नवीन पत्र तीन आठवड्यांपूर्वी तयार झालं होतं. फोनवर तसा निरोपही आला होता: स्वतः येऊन घेऊन जा. शहाण्या माणसाने दुसऱ्या दिवशी जाऊन आणलं असतं. ओग्न्यानने ‘स्वतः येऊन’ या दोन शब्दांवर तीन लेख लिहिले. चंद्रावर यान उतरवतात आणि प्लास्टिकचा एक तुकडा टपालाने पाठवता येत नाही, वगैरे. तिसरा लेख खूप चालला. ओळखपत्र कचेरीच्या खणात पडून राहिलं.

आज गुरुवार. परवा, शनिवारी, डब्लिनमध्ये त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, बिल्यानाचं, लग्न. उद्या पहाटे सहाला, सीमेपलीकडच्या बुखारेस्टहून विमान. युरोपात फिरायला ओळखपत्र पुरतं, पण त्याशिवाय विमानात पाय ठेवू देत नाहीत, आणि आजची कचेरी साडेचारला बंद झाली की संपलं. त्याची बायको इव्हेलिना सोमवारीच पुढे गेली होती. बसच्या पायरीवरून ती एवढंच म्हणाली होती, ‘‘कार्ड आण. लेख आणू नकोस.’’ आणि बिल्याना फोनवर म्हणाली होती, ‘‘बाबा, पदवीच्या दिवशी तू रेडिओवर भांडत बसलास. मी सभागृहात तुझी खुर्ची धरून बसले होते. या वेळी मी खुर्ची धरणार नाही.’’

ती हे रागाने म्हणाली असती तर त्याला उत्तर देता आलं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली.

तर तो पायऱ्यांपाशी आला. सगळ्यात वरच्या पायरीवर एक जाडजूड म्हातारी घडीच्या खुर्चीवर बसली होती. मांडीवर चौकटीची वही, वहीला दोरीने बांधलेली पेन्सिल. ही त्सोना. तीस वर्षं ट्रॉलीबसमध्ये तिकिटं तपासलेली. सगळे तिला लेल्यो त्सोना म्हणत, म्हणजे त्सोनामावशी. तिचा स्वतःचा अर्ज दोनदा परत आला होता, कारण फोटोत ती हसत होती.

‘‘नाव सांग, बाळा,’’ ती म्हणाली.

‘‘कशासाठी?’’

‘‘यादीसाठी. तू तेविसावा.’’

‘‘या यादीला कायद्याचा आधार काय?’’

त्सोनाने वही उलटीसुलटी करून पाहिली. ‘‘पुठ्ठ्याचा आधार आहे,’’ ती म्हणाली. ‘‘आजवर पुरलाय.’’

मागची माणसं हसली. ओग्न्यान पेटला. निळं जाकीट, हातात थर्मास, आणि एक पाय वरच्या पायरीवर, अशा पवित्र्यात त्याने भाषण सुरू केलं. आत नंबर देणारं यंत्र बसवलंय ना? बटण दाबलं की चिठ्ठी येते ना? मग ही वही कशाला? ही मेंढरांची सवय! वरच्यांना हेच हवं असतं, की लोकांनी पहाटे उठावं, एकमेकांवर पाळत ठेवावी आणि वर कृतज्ञ राहावं! आवाज इतका चढला की समोरच्या इमारतीतल्या एका बाईने खिडकी लावून घेतली.

त्सोनाने त्याला बोलू दिलं. मग म्हणाली, ‘‘यंत्र दिवसाला साठ नंबर देतं. मग गप्प बसतं. आलं त्या पहिल्या दिवशी दार उघडल्यावर सगळे बटणाकडे धावले. एकीचा हात मोडला. दुसऱ्या दिवसापासून मी वही आणली.’’

ओग्न्यानला हे माहीत नव्हतं. यंत्र आलं त्या आठवड्यात त्याने ‘यादी मेली, बटण चिरायू होवो’ असा लेख लिहिला होता. घरी बसून.

‘‘हे यंत्राचं नाही, अंमलबजावणीचं अपयश आहे,’’ तो म्हणाला. कुठलीही गोष्ट फसली की तो हे वाक्य म्हणे.

‘‘असेल, बाळा. नाव?’’

‘‘मी गुलामांच्या वहीत नाव लिहीत नाही.’’

त्सोनाने वहीत काहीतरी खरडलं आणि पुढच्या माणसाकडे वळली.

सात वाजता खरा तमाशा सुरू झाला. कोस्यो नावाचा टॅक्सीवाला आला. अंगावर खेळाडूंचा पोशाख, पोट मात्र प्रेक्षकांचं. त्याच्या हातात पिझ्झाच्या खोक्याचं झाकण होतं आणि झाकणावर एकतीस नावं.

‘‘चला, बाजूला व्हा,’’ तो म्हणाला. ‘‘यादी माझ्याकडे आहे. काल संध्याकाळी पाचपासूनची.’’

‘‘आजची यादी आज सकाळपासून,’’ त्सोना म्हणाली.

‘‘कोण म्हणतं?’’

‘‘वही म्हणते.’’

‘‘माझा खोका वहीच्या आधीचा आहे, लेल्यो!’’

‘‘तुझ्या खोक्याला चीज लागलंय.’’

आणि मग जे घरी जाऊन झोपून आले होते ते खोकेवाले आणि जे अंधारात उठून आले होते ते वहीवाले यांच्यात जुंपली. ‘‘आम्ही थंडीत उभे होतो!’’ ‘‘आम्ही काल उभे होतो!’’ ‘‘काल उभं राहून आज नंबर लागत असता तर मी लहानपणीच उभा राहिलो असतो!’’ कोणीतरी कोणाचा तरी बानित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्यांचा, पुडा खाली पाडला. खारट चीजच्या वासाने दोन कबुतरं उतरली आणि तीसुद्धा एकमेकांवर धावून गेली.

ओग्न्यान भिंतीला टेकून हे बघत होता आणि खरं सांगायचं तर त्याला मजा वाटत होती. आपण वर्षानुवर्षं जे सांगत आलो ते डोळ्यांपुढे घडतंय म्हटल्यावर माणसाला जो आनंद होतो, तो. तेवढ्यात कोस्योची नजर त्याच्यावर गेली.

‘‘अरे, तू तो बिनसाखरवाला ना?’’

‘‘हो,’’ ओग्न्यान म्हणाला आणि नकळत ताठ झाला.

‘‘‘रांग ही गुलामांची शाळा’ तूच लिहिलंस ना?’’

‘‘मीच.’’

‘‘मग आज वर्गात कसा?’’

हशा पिकला. दोन्ही याद्यांची माणसं पहिल्यांदा एकत्र आली ती याच्यावर हसायला. कान लाल झाले की ओग्न्यान नेहमी करतो तेच त्याने केलं: तोडगा सांगितला. एक नाव वहीतलं, एक नाव खोक्यावरचं, आळीपाळीने. नवे आलेले शेवटी. आठ वाजता हजेरी. हजर नसेल त्याचं नाव कापायचं. त्याने हे इतकं झरझर आणि मुद्देसूद सांगितलं की लोक भांडण सोडून ऐकू लागले. तोडगा चांगला होता. तो मूर्ख नव्हता, हीच तर सगळी पंचाईत होती.

‘‘पण हे बघणार कोण?’’ कोस्यो म्हणाला. ‘‘मी म्हातारीवर विश्वास ठेवत नाही.’’

‘‘मी चीजवर ठेवत नाही,’’ त्सोना म्हणाली. मग तिने ओग्न्यानकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वही त्याच्यापुढे धरली. ‘‘यालाच द्या. हा म्हणतो, मी कुठल्याच यादीत नाही.’’

इथे ओग्न्यानने म्हणायला हवं होतं, की बायांनो, बाबांनो, माझ्या मुलीचं परवा लग्न आहे, मला एक नंबर द्या आणि तुमची यादी तुम्ही सांभाळा. पण गेल्या अकरा वर्षांत त्याला कोणी काही चालवायला दिलं नव्हतं. कॉफीची यंत्रं सोडून. सगळं कसं चालवावं हे तो रोज सांगत आला, आणि आज पहिल्यांदा एका म्हातारीने त्याच्या हातात वही ठेवली. 

त्याने जाकीट काढलं, दाराशेजारच्या दगडी कठड्यावर घडी करून घातलं, त्यावर एका बाजूला वही आणि एका बाजूला खोका मांडला. झालं. कचेरी उघडायला अजून तासभर होता, पण बाहेर एक कचेरी सुरू झाली.

पहिल्या दहा मिनिटांत त्याने नियम केला की नवीन नाव देताना कागद दाखवायचा. पुढच्या दहा मिनिटांत, की यादीजवळ एका वेळी दोघांनीच यायचं. मग कोणीतरी मित्रासाठी ‘हजर’ म्हणण्याची तयारी करतंय असं त्याच्या कानावर आलं, तेव्हा त्याने तिसरा आणि सगळ्यात आवडता नियम केला: ‘‘दुसऱ्याच्या वतीने कोणी बोलायचं नाही! ज्याचं त्यानं बोलायचं!’’ एका म्हाताऱ्याने काही विचारलं तर हा न बघता म्हणाला, ‘‘नंतर या.’’ हे दोन शब्द तोंडातून गेल्यावर त्याला क्षणभर कसंतरी झालं. या दोन शब्दांवर त्याने सहा लेख लिहिले होते. पण मागे लोक उभे होते, काम होतं, आणि कामात माणूस फार विचार करत नाही. खिडकीच्या आतली माणसं अशीच तयार होत असतील, हे त्याच्या डोक्यात आलं. ते त्याने पुढच्या लेखासाठी मनात टिपून ठेवलं आणि ओरडला, ‘‘दोघंच! दोघंच म्हटलं ना!’’

पावणेआठला त्याने बेरीज केली. पासष्ट माणसं, साठ नंबर. म्हणजे पाच नावं कमी व्हायला हवी होती. आपल्या लेखांत तो यालाच ‘कठोर निर्णय’ म्हणे आणि सरकारला ते घ्यायचं धाडस नाही म्हणून सरकारला झोडपे.

आठ वाजता हजेरी सुरू झाली. तीनदा पुकारायचं, उत्तर नाही आलं की रेघ.

पहिली रेघ देदो मिंचोवर, म्हणजे मिंचोआजोबांवर, पडली. म्हातारा समोरच उभा होता, पण त्याला ऐकू येत नव्हतं. त्याची नात म्हणाली, ‘‘अहो, हे काय, हे इथेच आहेत!’’ ‘‘दुसऱ्याच्या वतीने नाही,’’ ओग्न्यान म्हणाला. ‘‘त्यांना बोलू दे.’’ नातीने आजोबांना कोपराने ढोसलं. आजोबांनी ओग्न्यानकडे बघून प्रेमाने हात हलवला. हात हलवणं म्हणजे ‘हजर’ नव्हे. रेघ.

दुसरी रेघ एका परिचारिकेवर. ती रात्रपाळी करून आली होती आणि कॉफी आणायला गेली होती. कोपऱ्यावरचं कॉफीचं यंत्र बंद, म्हणून ती पलीकडच्या चौकापर्यंत गेली. कोपऱ्यावरचं ते यंत्र ओग्न्यानच्याच वाट्याचं होतं. तीन दिवस त्याची तक्रार येऊन पडली होती. तीन दिवस तो लिहीत होता.

तिसरा एकजण गाडीत झोपला होता. चौथा कुठे होता कोण जाणे, पाचवाही.

वहीचं पान उलटलं आणि ओग्न्यान अडखळला. तेवीस नंबरपुढे नाव नव्हतं. त्सोनाच्या गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: ‘ओरडणारा. निळं जाकीट.’

‘‘हा काय प्रकार?’’ त्याने विचारलं.

‘‘नाव सांगायला तयार नव्हता तो,’’ त्सोना म्हणाली. तिचा चेहरा तीस वर्षं तिकीट तपासणाऱ्याचा असतो तसा कोरा होता. ‘‘पण आला होता खरा. आला त्याला लिहायचं नाही असं कसं?’’

‘‘लेल्यो, अशाने व्यवस्था चालत नाही,’’ ओग्न्यान म्हणाला. आणि मान वर करून त्याने मोठ्याने पुकारा केला, ‘‘तेवीस! ओरडणारा, निळं जाकीट!’’

पायऱ्यांवरचे लोक एकमेकांकडे बघू लागले.

‘‘ओरडणारा! निळं जाकीट!’’ त्याने टाचा उंचावून गर्दीवरून नजर फिरवली. कोस्योने खोकला आल्यासारखं करून पाठ वळवली. त्याची पाठ हलत होती. मागे कोणीतरी फस्सकन हसलं. ओग्न्यानला वाटलं, हे त्या बेजबाबदार माणसाला हसतायत. त्यालाही थोडं हसू आलं.

देदो मिंचोची नात पोरगी चांगली होती. आजोबांचं नाव कापलं गेलं तरी तिला राहवलं नाही. ‘‘अहो,’’ ती म्हणाली, ‘‘पण तो तर…’’

‘‘ज्याचं त्यानं बोलायचं!’’ ओग्न्यान कडाडला. ‘‘शेवटचा पुकारा! ओरडणारा!’’

हा शेवटचा शब्द त्याने असा ओरडून म्हटला की कबुतरं उडाली.

‘‘बघा,’’ तो लोकांना म्हणाला, ‘‘सकाळी येऊन गोंधळ घालायचा, आणि काम आलं की पसार. अशा माणसांमुळे हा देश मागे राहिलाय.’’ आणि त्याने तेवीस नंबरवर रेघ मारली. एक नाही, दोन. पाचांच्या जागी सहा नावं गेली, पण कचेरीच्या कामात थोडी जास्त खबरदारी घेतलेली बरी.

साडेआठला पहारेकऱ्याने दार उघडलं. ओग्न्यान दाराशी उभा राहून नावं वाचू लागला आणि माणसं एकेक करून आत जाऊ लागली. धक्का नाही, बुक्का नाही. कोणाचाही हात मोडला नाही. पहारेकरी म्हणाला, ‘‘असं मी कधी पाहिलं नाही.’’ ओग्न्यानच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एकोणसाठ नावं संपली. त्याने वही मिटली, जाकीट उचललं आणि आत पाऊल टाकलं.

‘‘नाव?’’ पहारेकरी म्हणाला.

‘‘मी यादीवाला.’’

‘‘ते दिसलं. यादीत आहात का?’’

‘‘मी यादी ठेवतो, अहो!’’

‘‘ठेवणारा वेगळा, असणारा वेगळा. तुम्हीच आत्ता तासभर ओरडून सांगत होतात, नाव नाही त्याला आत सोडू नका म्हणून. या दारावर मी नवीन आहे. मला वाटलं वरून आदेश आहे.’’

तेवढ्यात देदो मिंचो पहारेकऱ्याच्या काखेखालून शांतपणे आत निघून गेला. ‘‘आजोबा, थांबा! आजोबा!’’ आजोबांना ऐकू येत नव्हतं. त्यांनी यंत्राचं बटण दाबलं, चिठ्ठी घेतली आणि बाकावर जाऊन बसले. तो साठावा नंबर होता. यंत्र गप्प झालं.

‘‘माझं नाव कुठेतरी असणारच,’’ ओग्न्यान वहीची पानं उलटत म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

‘‘होतं की,’’ त्सोना आतून म्हणाली. तिच्याकडे चिठ्ठी होती आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ‘‘तेविसावं. तू तीनदा हाक मारलीस. तू आलाच नाहीस.’’

त्याने हातातल्या जाकिटाकडे पाहिलं. ते निळं होतं. तो आजवर त्याला राखाडी समजत आला होता. आणि ‘ओरडणारा’ म्हणजे… तो ओरडत नव्हता. तो मत मांडत होता. त्याने ‘मी ओरडत नव्हतो!’ असं सांगायला तोंड उघडलं आणि स्वतःचा आवाज आधी कानात ऐकला. तोंड मिटलं.

परिचारिका कॉफी घेऊन परत आली, आणि काय झालं ते कळल्यावर तिने त्याला पायऱ्यांवर उभं करून सोललं. रात्रभर बावीस रुग्ण बघितले, दहा मिनिटं कॉफीला गेले तर नाव कापता? तुम्ही कोण? तुम्हाला कोणी नेमलं? आणि ते कोपऱ्यावरचं यंत्र कुठला हरामखोर सांभाळतो ते मला एकदा कळू दे! ओग्न्यानकडे याही विषयावर मत असायला हवं होतं. नव्हतं. ती वहीच्या उद्याच्या पानावर आपलं नाव सगळ्यात वर लिहून पाय आपटत निघून गेली.

आता तो एकटा उरला. पहारेकऱ्याला त्याने कायदा सांगून पाहिला, मग घटना सांगून पाहिली, मग युरोप सांगून पाहिला. पहारेकरी म्हणाला, ‘‘उद्या या, गोस्पोदिन, साहेब. लवकर या.’’ उद्या सहाला विमान. ओग्न्यान पायरीवर बसला. बुटांकडे बघत बसला. डब्लिनमध्ये एका हॉलमध्ये एक खुर्ची असेल आणि ती कोणी धरून ठेवणार नाही, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढे येत होतं. त्यावर लेख सुचत नव्हता.

दहाच्या सुमारास कोस्यो सिगारेट ओढायला बाहेर आला.

‘‘अजून इथेच? जा की घरी. लिही काहीतरी.’’

‘‘माझ्या मुलीचं लग्न आहे,’’ ओग्न्यान म्हणाला. ‘‘परवा. परदेशात. आज कार्ड मिळालं नाही तर मी जात नाही.’’

त्या दिवसातलं हे त्याचं पहिलं वाक्य ज्यात मत नव्हतं.

कोस्योने सिगारेट तोंडातून काढली. ‘‘अरे गाढवा! मग सकाळी आल्या आल्या बोलायला काय झालं होतं? लग्न, मयत, बाळंतपण, तिन्ही यादीत सगळ्यात पुढे. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. लेल्योने तुला पहिला घातला असता!’’

‘‘असा नियम कुठे लिहिलाय?’’

‘‘लिहायला कशाला पाहिजे?’’

 अकरा वर्षं ओग्न्यान लिहीत होता की या देशात लोक स्वतःहून काही धड उभं करू शकत नाहीत. आणि इथे एका वहीत न लिहिलेला एक कायदा होता, माणुसकीचा, आणि त्याने तो तासभर चालवायला घेऊन पार मोडून टाकला होता. वर नियम केले होते. तीन.

कोस्योने खिशातून एक चुरगळलेली चिठ्ठी काढली. ‘‘माझा मेहुणा झेल्यो. आत बसला होता. बंदरावरून फोन आला, त्याचा ट्रक ठरल्या वेळेआधीच बोटीवर चढवायला घेतला, म्हणून पळाला. सत्तावन नंबर.’’

ओग्न्यानने हात पुढे केला. कोस्योने चिठ्ठी मागे घेतली.

‘‘पैसे नकोत,’’ कोस्यो म्हणाला. ‘‘फोन काढ. तुझ्या त्या पानावर थेट बोलतोस ना, सगळ्या जगाला शिकवत? तसा बोल. आज काय झालं ते सांग. सगळं.’’

‘‘बाते कोस्यो, दादा, असं करू नकोस.’’

‘‘सत्तावन,’’ कोस्यो म्हणाला आणि चिठ्ठीने स्वतःला वारा घालू लागला.

चार हजार तीनशे लोक. त्यातल्या निम्म्यांनी या क्षणाची वर्षानुवर्षं वाट पाहिली असणार. ओग्न्यानने फोन काढला, हात लांब केला, घसा साफ केला.

‘‘मित्रहो,’’ त्याने सुरुवात केली, ‘‘आपल्या प्रशासकीय व्यवस्थेच्या अपयशाचं एक बोलकं उदाहरण आज…’’

‘‘व्यवस्था नको,’’ कोस्यो शेजारून म्हणाला. ‘‘जाकीट सांग.’’

‘‘…आज मी स्वतः अनुभवलं, की नागरिक म्हणून आपण…’’

‘‘जाकीट!’’

आता दारातून त्सोनाही आली होती, आणि नात, आणि पहारेकरी. ओग्न्यानने एकदा डोळे मिटले आणि जाकीट सांगितलं. वही नाकारली ते सांगितलं. मग वही घेतली ते. ‘नंतर या’ म्हणालो ते. बहिऱ्या माणसाचं नाव कापलं ते. परिचारिकेचं कापलं आणि कॉफीचं यंत्र माझ्याच वाट्याचं आहे, तेही सांगितलं. हे कोस्योलाही माहीत नव्हतं. मग स्वतःच्या नावाने, म्हणजे नाव नव्हतंच, स्वतःच्या वर्णनाने तीन हाका मारल्या, मीच मला ओळखलं नाही आणि माझ्यावर दोन रेघा मारल्या, हे सांगितलं. मध्येच त्याला स्वतःलाच हसू फुटलं आणि ते आवरेना. त्सोना पदराने डोळे पुसावेत तशी गळ्यातल्या रुमालाने डोळे पुसत होती. कोस्यो तर हसून हसून पायरीवर बसला होता.

चिठ्ठी मिळाली.

आत बाकावर तो सहा तास बसला. आणि त्या सहा तासांत असं घडलं की अकरा वर्षांत त्याचं काही चाललं नाही तेवढं हे पायरीवरचं बोलणं चाललं. दुपारपर्यंत चाळीस हजार लोकांनी पाहिलं. लोक आपापल्या याद्या सांगत होते, आपापले पिझ्झाचे खोके. हे सगळं वाचत स्वस्थ बसला असता तर तो ओग्न्यान कसला? तीन वाजता एकाने लिहिलं की या घटनेवरून सिद्ध होतं, यंत्रंच मुळात नकोत. ओग्न्यानला ते सहन झालं नाही. त्याने उत्तर लिहायला घेतलं. त्या माणसाने प्रत्युत्तर दिलं. याने मुद्दे काढले. पावणेचारला तो ‘तुमच्या विचारातली मूलभूत चूक अशी की’ इथपर्यंत आला होता.

‘‘सत्तावन,’’ भिंतीवरची पाटी चमकली. ‘‘सत्तावन,’’ खिडकीतली बाई म्हणाली.

ओग्न्यान ‘अशी की’च्या पुढचं मनात जुळवत होता.

‘‘सत्तावन, शेवटचं,’’ खिडकीतली बाई म्हणाली.

कोस्योचं काम दुपारीच झालं होतं. तो का थांबला होता हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. त्याने उठून ओग्न्यानच्या हातातला फोन हिसकावला, ‘पाठवा’ दाबलं आणि त्याला मानेला धरून खिडकीपाशी ढकललं. ‘‘हा!’’ तो बाईला म्हणाला. ‘‘ओरडणारा! आला आहे!’’

बाईने खणातून कार्ड काढलं. एक सही, एक बोटाचा ठसा. दोन मिनिटं लागली. ओग्न्यानने एका लेखात बेचाळीस लिहिली होती. ती मोजायला तो आला नव्हता.

बाहेर आल्यावर कोस्योने फोन परत दिला. ‘अशी की’ या अर्ध्या वाक्याला तीनशे लोकांनी पसंती दिली होती. खाली बिल्यानाचा निरोप होता.

‘पाहिलं. आईने पाहिलं. सासूबाईंनाही भाषांतर करून दाखवलं. त्या दोनदा हसल्या. बाबा, लग्नात भाषण करायचं नाही. फक्त ये.’

ओग्न्यान पायरीवर थांबला आणि उत्तर लिहू लागला. वडिलांचं भाषण ही एक सामाजिक गरज का आहे, याचे त्याच्याकडे तीन मुद्दे होते. दुसऱ्या मुद्द्यावर तो थांबला, सगळं पुसलं, आणि लिहिलं, ‘बरं.’

मग तो घाईने बसथांब्याकडे निघाला. त्याचा इलाज नव्हता; तिथे पोचेपर्यंत भाषणाचा पहिला परिच्छेद डोक्यात तयार झाला होता. चांगला झाला होता. कोणाला सांगायचा नव्हता, म्हणून तो मनातल्या मनात, अगदी हळू आवाजात, पुन्हा एकदा म्हणून पाहत होता. कार्ड आतल्या खिशात होतं आणि दर दहा पावलांनी तो ते चाचपत होता.